एक कोयता म्हणजे दोन माणसे

गेल्या दीड वर्षापासून मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे. एका वाहतूक कंपनीच्या हिशेब खात्यात वीस वर्षे काढल्यावर, शनिवार-रविवारच्या वर्गांना बसून, मी पदव्युत्तर पदवीचा अभ्यास करते आहे. विषयाचे नाव लांबलचक आहे : कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित पुरवठा साखळी व्यवस्थापन. आपल्या गटात हे सांगितले तेव्हा कौतुक झाले, तसेच प्रश्नही आले. हे तर कंपन्यांचे शास्त्र, माल लवकर आणि स्वस्तात पोचवून नफा वाढवण्याचे. ज्या व्यवस्थेविरुद्ध आपण मोर्चे काढले, तिचीच अवजारे शिकण्यात तू वेळ का घालवतेस? आणि दुसरा प्रश्न : समजा शिकलीस, तर त्यात आपल्या बाईचे काय?

हे प्रश्न रास्त आहेत. त्यांना घाईने उत्तर देऊन चालणार नाही. म्हणून या अंकाच्या संपादकीयात त्यांचाच ऊहापोह करायचे ठरवले आहे.

आधी ‘पुरवठा साखळी’ म्हणजे काय ते पाहू. शेतातला कापूस जिनिंगमध्ये जातो, तिथून सूतगिरणीत, मग कापड, मग शिवणकाम, मग गोदाम, मग दुकान आणि शेवटी आपल्या अंगावर. या प्रवासातली प्रत्येक जागा म्हणजे एक कडी. कोणत्या कडीत किती माल ठेवायचा, कधी मागवायचा, कोणत्या वाटेने न्यायचा, किती माणसे लावायची, हे ठरवण्याचे शास्त्र म्हणजे पुरवठा साखळी व्यवस्थापन. महिन्याच्या शेवटी डब्यात उरलेले धान्य, हातातले पैसे आणि घरातली खाणारी तोंडे यांचा मेळ घालणाऱ्या बाईला या शास्त्राची पहिली ओळख करून द्यावी लागत नाही.

ही केवळ उपमा नाही. या शास्त्राच्या पायाशी खरोखरच स्वयंपाकघरातला प्रश्न आहे. जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये विचारले की ७७ खाद्यपदार्थांतून माणसाच्या ९ पोषक घटकांची गरज कमीत कमी पैशांत भागवायची, तर वर्षभरात काय काय खावे? १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी असे प्रश्न सोडवण्याची नवी गणिती पद्धत शोधली आणि ती तपासण्यासाठी हाच प्रश्न घेतला. तेव्हा नऊ कारकुनांना हाताने चालवायच्या यंत्रांवर त्यासाठी सुमारे १२० मनुष्य-दिवस लागले. आज तेच गणित संगणक क्षणात करतो. उत्तर आले ते गव्हाचे पीठ, कोबी, पालक, घेवड्याचे वाळलेले दाणे आणि थोडे यकृत, असे काहीसे. खर्चाच्या दृष्टीने अगदी अचूक. परंतु ते रोज शिजवणार कोण, त्याला इंधन आणि वेळ किती, घरातली माणसे ते वर्षभर खातील का, हे त्या गणितात नव्हते. म्हणून उत्तरातही आले नाही.

या एका उदाहरणात मला माझ्या अभ्यासक्रमाचे मर्म सापडले. अशा प्रत्येक गणिताला दोन अंगे असतात. एक उद्दिष्ट : काय कमी करायचे किंवा काय वाढवायचे. दुसरे बंधने : कोणत्या मर्यादा ओलांडायच्या नाहीत. गाडीत दहा टनांपेक्षा जास्त माल बसत नाही, हे बंधन. माल अमुक तारखेच्या आत पोचलाच पाहिजे, हे बंधन. जे बंधनांच्या यादीत लिहिले जाते, त्याची काळजी गणित घेते. जे लिहिले जात नाही ते फुकट आणि अमर्याद आहे असे गणित समजते. बाईचे श्रम, तिची झोप, तिची पाळी, तिचे बाळंतपण आजवर कोणत्या यादीत लिहिले गेले आहे?

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. बाईच्या कामाची मोजदाद व्हावी म्हणून आपण वर्षानुवर्षे भांडलो आहोत. इला भट यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाचा ‘श्रमशक्ती’ हा अहवाल १९८८ मध्ये आला आणि असंघटित स्त्रियांचे श्रम सरकारी कागदावर आले. १९९१ च्या जनगणनेत ‘काम’ या प्रश्नातच शेतावरचे आणि घरच्या धंद्यातले बिनमोबदल्याचे काम स्पष्ट शब्दांत घातले गेले, ते स्त्री संघटनांनी आणि अभ्यासक स्त्रियांनी तगादा लावल्यामुळे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे दिसले. हा आकडा आज आपण भाषणात सांगू शकतो, कारण कोणीतरी तो मोजायला लावला. पूर्वी मोजणी जनगणनेचा प्रगणक करत असे. त्याच्याशी उंबऱ्यात उभे राहून वाद घालता येत होता. आता मोजणी यंत्राकडे जाते आहे, आणि यंत्राच्या यादीत काय घालायचे ते बंद खोलीत ठरते. त्या खोलीत आपल्यापैकी कोणी असावे, एवढ्यासाठी मी या वर्गात बसते.

साखळीचा ताण कसा आणि कोणावर पडतो, याचाही एक धडा आम्हाला शिकवला जातो. त्याला ‘चाबकाचा परिणाम’ म्हणतात. प्रॉक्टर अँड गँबल कंपनीच्या अधिकाऱ्यांना पॅम्पर्स या बाळांच्या लंगोटांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट आढळली. बाळे रोज साधारण तेवढेच लंगोट वापरतात. दुकानातली विक्रीही फारशी वरखाली होत नाही. परंतु घाऊक व्यापाऱ्यांच्या मागण्या मात्र खूप वरखाली होत, आणि कंपनीने आपल्या कच्च्या मालासाठी केलेल्या मागण्या त्याहूनही अधिक. चाबकाची मूठ जराशी हलली तरी टोक जोरात फटकारते, तसे हे. १९९७ मध्ये हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर लिहिलेले लेख आजही आमच्या अभ्यासात आहेत.

वर्गात या धड्यातून शिकायचे असते ते एवढेच की साठा कसा आटोक्यात ठेवावा. मला मात्र वाचताना चाबकाच्या टोकाला कोण आहे ते दिसत होते. टोकाला घरी बसून काजबटणे करणारी बाई आहे. हंगामात तिला रात्र रात्र जागावे लागते, हंगाम सरला की महिनामहिना काम नसते. टोकाला ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही इमारत आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ती कोसळली आणि ११३४ माणसे मेली, त्यांत बहुसंख्य कापडकामगार स्त्रिया होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. तरी मालाची तारीख गाठायची म्हणून कामगारांना आत बोलावण्यात आले. त्यानंतर कोणत्या परदेशी कंपनीचे कपडे तिथे शिवले जात होते हे शोधण्यासाठी ढिगाऱ्यातून कपड्यांच्या पट्ट्या गोळा कराव्या लागल्या. प्रत्येक पेटी कुठे आहे याची खबर ठेवणाऱ्या साखळीला माणसे कुठे आहेत याची खबर नव्हती. ती ठेवणे तिच्यावर बंधनकारक नव्हते. जर्मनीने १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांकडच्या मानवी हक्कांची जबाबदारी कायद्याने टाकली. ते बंधन यायला दहा वर्षे लागली.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. तिचे काम थोडक्यात असे : जुन्या नोंदींचा प्रचंड साठा यंत्राला द्यायचा, यंत्र त्यातून सांगड शोधते आणि पुढचा अंदाज बांधते. कोणत्या गावात कोणता माल किती खपेल, कोणता ट्रक कुठे अडकेल, कोणता कामगार किती पेट्या भरेल. अंदाज पुष्कळदा चांगले येतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु यंत्र शिकते ते कालच्या जगाकडून. कालचे जग बाईच्या बाबतीत कसे होते ते मी तुम्हाला सांगायला नको.

ॲमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज छाननीसाठी असे एक यंत्र तयार केले होते. दहा वर्षांचे जुने अर्ज त्याला शिकायला दिले होते, आणि त्यांत पुरुषच जास्त होते. यंत्र त्यातून शिकले की पुरुष बरे. अर्जात ‘महिला’ हा शब्द आला, समजा ‘महिला बुद्धिबळ मंडळाची प्रमुख’ असे कोणी लिहिले, तर ते गुण कमी करू लागले. कंपनीने ते यंत्र सोडून दिले आणि ही हकिगत ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बाहेर आणली. म्हणजे यंत्राला पूर्वग्रह कोणी मुद्दाम शिकवला नव्हता. नोंदीत होता तो त्याने उचलला.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, म्हणून आता आपल्या घरी येते.

माझ्या लघुप्रबंधासाठी मी ऊस निवडला. महाराष्ट्रात एवढी मोठी आणि एवढी घट्ट बांधलेली दुसरी साखळी क्वचित असेल. ऊस तोडला की त्यातली साखर उतरू लागते. त्यामुळे तो शक्य तितक्या लवकर, साधारण दिवसभरात, गाळला गेला पाहिजे. कारखाना हंगामात रात्रंदिवस चालतो, त्याला ऊस सतत हवा. मग कोणत्या फडाची तोड कधी, कोणती टोळी कुठे, कोणती गाडी किती वाजता, हे सगळे जुळवावे लागते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले. उपग्रहाची छायाचित्रे, जमिनीतले संवेदक, हवामान यांवरून पाणी किती द्यावे, खत कधी द्यावे हे शेतकऱ्याला फोनवर कळते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय’ हे २०२५ ते २०२९ चे धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. उसाच्या कांडीत साखर किती भरली हे आता आकाशातून पाहता येते.

आणि तो ऊस तोडणारी बाई? ती जमिनीवरूनही दिसत नाही.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हिशेबाचे माप ‘कोयता’ हे आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्याला मिळते, ती मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. टनाचा दर कोयत्याला लागतो. खाडा झाला तर कपातही कोयत्याची. दोन माणसे राबतात आणि नोंद एकाची होते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ती लढून मिळवलेली वाढ आहे, तिचे स्वागतच आहे. पण तीही कोयत्याचीच वाढ. तिच्यातला बाईचा वाटा किती, याचे उत्तर कोणत्याही वहीत नाही.

नोंद नसण्याची किंमत काय असते हे आपण २०१९ मध्ये पाहिले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या आल्या. त्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. फडात ना शौचालय, ना पाणी, ना आडोसा. पाळीत सुट्टी घेतली तर खाडा. अंगावरून जाते म्हणून डॉक्टरकडे जावे, तर पिशवीच काढून टाकण्याचा सल्ला. ऑपरेशनला पैसे उचलीतून, आणि उचल फेडायला पुन्हा पुढच्या हंगामाचा फड. हा दुष्टपणा कोणा एकाचा नव्हता. प्रत्येकजण आपापल्या कडीपुरते गणित सोडवत होता आणि त्या गणितात बाईचे शरीर बंधन म्हणून कोठेच लिहिलेले नव्हते.

मी एका कारखान्याच्या शेती खात्याकडे नोंदी मागितल्या. मिळाल्या, आणि चांगल्या व्यवस्थित मिळाल्या. गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख, तोडीची तारीख, टोळी क्रमांक, कोयत्यांची संख्या, गाडीचा नंबर, फडातून निघाल्याची वेळ, वजनकाट्यावरची वेळ, टन. मी विचारले, ‘‘टोळीत बाया किती?’’ साहेबांनी शांतपणे सांगितले, ‘‘बाई, तसा वेगळा रकाना नसतो. कोयते दिलेत ना, त्यावरून काढा.’’ माझ्या मार्गदर्शक सरांचे म्हणणे असे पडले की ज्याची नोंद नाही त्यावर प्रबंध होत नाही, तेव्हा गाड्यांच्या फेऱ्यांपुरता विषय मर्यादित ठेवावा. ते वाईट बोलले नाहीत, शास्त्राच्या रीतीप्रमाणेच बोलले. ती रीत मात्र मला मान्य नव्हती. नोंद नाही हाच माझा निष्कर्ष आहे, आणि नोंद करणे हे माझे काम आहे, असे मी त्यांना लेखी कळवले. विषय तोच राहिला आहे. विद्यापीठाची समिती तो मान्य करते की नाही ते अजून कळायचे आहे.

तोवर मी दोन टोळ्यांच्या कोपींवर जाऊन बसते आहे. एका अक्कांना विचारले, रात्री गाडी किती वाजता भरता? त्या म्हणाल्या, ‘‘ताई, गाडी कवा यील ते कुनाला ठावं? कवा धाला, कवा दोनाला. आली की उठायचं. लेकरू झोपलं असलं तरी उठायचं.’’ दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या, आणि रात्री डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. पहाटे पुन्हा स्वयंपाक आणि फड. दोन झोपांच्या मध्ये जी अनिश्चितता आहे, ती या बायकांना कामाइतकीच थकवते.

आता कारखान्याकडच्या यंत्रणेचे पाहा. गाडीला जीपीएस लावलेला असतो. गाडी काट्यावरून कधी सुटली, फडात कधी पोचेल, याचा अंदाज कार्यालयातल्या पडद्यावर दिसू शकतो. हाच अंदाज कोपीवर का पोचू नये? ‘गाडी रात्री दीडला येईल’ एवढा निरोप संध्याकाळी सातला मिळाला तर बाई नऊ ते दीड झोपेल. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवा पैसा लागत नाही. फक्त यंत्राच्या उत्तराचा धनी कोण, हे बदलावे लागते. याच्या पुढचे पाऊल म्हणजे रात्री दहा ते पहाटे पाच भरणी करायचीच नाही, असे बंधन गणितात घालून पाहणे. हे सोपे नाही. संध्याकाळपर्यंत जास्त ऊस आणून ठेवावा लागेल, तो रात्रभर थांबला तर उतारा घटेल, गाड्याही जास्त लागतील. खर्च येईल. तो किती येतो तेच मला मोजायचे आहे. आज तो खर्च होतच आहे, फक्त तो बाईच्या अंगातून वसूल होतो आणि ताळेबंदात दिसत नाही. आकडा समोर आला तर निदान त्याच्यावर वाटाघाटी करता येतील.

आता आपल्या मैत्रिणींच्या आक्षेपाकडे येते. ही यंत्रे बाईवर पाळत ठेवायलाही वापरली जातात. ऊसतोडणी यंत्रे आली तर कोयताच जाईल. मूठभर बायका पदव्या घेऊन वरच्या खुर्चीत बसल्या तर खालच्या बायकांचे काय बदलले? यातला एकही आक्षेप खोटा नाही. जून २०२४ मध्ये हरियाणातल्या मानेसर येथील एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या गोदामातली बातमी आली. सहा ट्रक उतरवून होईपर्यंत पाणी प्यायला किंवा लघवीला जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याचे त्यात म्हटले होते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तिची आपणहून दखल घेतली. त्याच महिन्यात रॉयटर्सने वृत्त दिले की तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे मोबाइल जोडण्याच्या एका मोठ्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना कामावर घेण्याचे टाळले जाते. तिथेही आयोगाने नोटिसा काढल्या. संसार असलेली बाई रजा जास्त घेईल, हा तिथला हिशेब. तोच हिशेब उद्या यंत्र करील आणि ते ‘शास्त्रीय’ म्हणून कोणी प्रश्नही विचारणार नाही.

म्हणूनच हे शास्त्र परके म्हणून सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही. कायदा आपल्या बाजूने नव्हता तेव्हा आपण कायदा वाचायला शिकलो. पोलीस ठाण्यात पंचनामा कसा लिहितात ते शिकलो, गावात सातबारा कसा वाचायचा ते शिकलो. १९८६ च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मी मुक्ती’च्या निमित्ताने गावोगावच्या बायकांची नावे जमिनीला लागली, ती तलाठ्याच्या वहीत काय लिहितात हे बायकांना कळू लागले म्हणून. आजची वही संगणकात आहे. हमाल-माथाड्यांनी संघटित होऊन १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा करवून घेतला, तोही एका अर्थाने पुरवठा साखळीचाच कायदा होता. पाठीवर ओझे वाहणाऱ्याची नोंद, मजुरी आणि भविष्यनिर्वाह यांची जबाबदारी त्याने मंडळावर टाकली. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२२ पासून गोदाम कामगाराला त्याच्याकडून अपेक्षित कामाचा आकडा लेखी द्यावा लागतो, आणि त्या आकड्यापायी जेवणाची, विश्रांतीची किंवा शौचालयाला जाण्याची वेळ हिरावून घेता येत नाही. यंत्राच्या गणितात बंधन घालता येते, आणि ते कायद्याने घालता येते, याचा हा पुरावा आहे. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांत स्त्रीच्या संमतीने रात्रपाळीची वाट खुली झाली आहे. भिवंडीच्या गोदामांत ही संमती मुकादमासमोर मान हलवण्यापुरती उरणार की तिला अर्थ येणार, हे आपल्या जागरूकतेवर ठरेल.

मुलींच्या प्रवेशाचा प्रश्नही आहे. माझ्या वर्गात बायका बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. मुंबईत पवईला १९६३ पासून असलेली औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. तिथे या विषयाचे स्वतंत्र व्यवस्थापन शिक्षण मिळते. पण तिथवर पोचायला इंजिनिअरिंग, शिकवणी, इंग्रजी अशा किती पायऱ्या! जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. खासगी आणि अभिमत विद्यापीठे मात्र त्यातून वगळली. नवे अभ्यासक्रम बहुतेक तिथेच निघत आहेत. शिवाय फी माफ झाली तरी वसतिगृह, जेवण, लॅपटॉप यांचे काय? ऊसतोडीच्या हंगामात धाकट्या भावंडांना सांभाळायला शाळा सोडणारी मुलगी या वर्गात येईल, तेव्हा रकाने कसे असावेत हे तिला कोणी शिकवावे लागणार नाही.

मैत्रिणींनो, हे सारे लिहिले ते काही कामे समोर ठेवण्यासाठी. पहिले, ऊसतोड कामगारांच्या नोंदणीत आणि ओळखपत्रांत नवरा-बायकोची स्वतंत्र नावे असावीत, आणि कारखान्याच्या नोंदीत कोयत्याच्या जागी माणसांची संख्या यावी. तिची मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी. दुसरे, गाडी येण्याच्या वेळेचा अंदाज टोळीला, त्यातही बायकांच्या फोनवर, आगाऊ मिळावा. तिसरे, सरकारी पैशाने शेतीत आणि वाहतुकीत कृत्रिम बुद्धिमत्ता येणार असेल तर त्या गणिताची बंधने काय आहेत हे मराठीत जाहीर व्हावे, आणि ती ठरवणाऱ्या समितीवर तोडणी करणाऱ्या स्त्रिया असाव्यात. चौथे, गोदामांत काम करणाऱ्या आपल्या बहिणींना कामाचा आकडा लेखी मिळावा.

मराठवाड्यातल्या आणि साखरपट्ट्यातल्या गटांना माझी एक खास विनंती आहे. येत्या हंगामात तुमच्या जवळच्या एका तरी टोळीत जाऊन, बायकांच्या संमतीने आणि नावे न लिहिता, सात दिवसांची एक साधी नोंद करा. झोपायला गेल्या किती वाजता, उठल्या किती वाजता, गाडी आली किती वाजता, भरणी संपली किती वाजता, पाणी किती लांबून आणले. रकाने आखलेला कागद या अंकासोबत जोडला आहे. अक्षर येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून भरून घ्या. पन्नास टोळ्यांचे कागद आले तर ‘तशी नोंदच नाही’ हे उत्तर पुढच्या वेळी कोणाला देता येणार नाही, मला नाही आणि शेती खात्यालाही नाही.

ज्यांना हा मार्ग पटत नाही त्यांनीही लिहावे. पुढच्या अंकात त्या पत्रांना जागा राखून ठेवली आहे. कागद मात्र फड सुटायच्या आत हातात पडले पाहिजेत. पट्टा पडला की टोळ्या गावाकडे निघतात, आणि मग सहा महिने त्या बायका कोणत्याच नोंदीत नसतात.